अंगणवाडीच्या ताटात जीवाणूंचाही घास हवा

प्रति,
मा. मंत्रिमहोदया,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य



मी बालरोगतज्ज्ञ आहे. आदिवासी पट्ट्याला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. अंगणवाडी सेविका ज्या मुलांचं वजन, उंची आणि दंडघेर मोजून आपल्याकडे पाठवतात, त्यांतली बरीचशी मुलं कधी ना कधी माझ्यासमोर येतात. कुणी जुलाबानं बेजार असतं, कुणाचा ताप उतरत नसतो. एखादी आई म्हणते, 'खातंय सगळं, पण अंगी लागत नाही.' या शेवटच्या तक्रारीसाठी हे पत्र लिहिते आहे. ते वर्तमानपत्रातून लिहिते आहे, कारण हा प्रश्न आपल्या विभागाचा आहे तितकाच घराघरातल्या चुलीचाही आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं कृश होती. २०१९ ते २१ मधल्या पाचव्या फेरीतही हा आकडा २५.६ टक्केच राहिला. वयाच्या मानानं खुज्या मुलांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात योजना थांबल्या नव्हत्या, सेविकांनी कामात कसूर केली नव्हती. मी त्यांना जवळून पाहते. एवढ्या कमी मानधनात इतकं काम करणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिलेली नाहीत. मग आकडे जागचे का हलत नाहीत? गरिबी, मुलींची लवकर होणारी लग्नं, आईचं अशक्तपण, जन्मतःच कमी असलेलं वजन, रोजगारासाठी होणारं स्थलांतर ही कारणं आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहेत. त्यांच्याइतकंच महत्त्वाचं आणखी एक कारण मुलाच्या मोठ्या आतड्यात आहे. आपल्या कुठल्याही नोंदवहीत त्याला रकाना नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलासाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं माप ठरवलं. कुपोषित मुलासाठी ते ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असं आहे. २०२३ मध्ये त्यात लोह, जस्त, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अशी सूक्ष्म पोषकद्रव्यंही जोडली गेली. हे सगळं हवंच, त्यातला एक ग्रॅमही कमी व्हायला नको. पण हे माप मूल एकटंच जेवतं असं धरून चालतं. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक घासावर आणखी कोट्यवधी जीव पोसले जात असतात, आणि त्यांना काय मिळालं यावर त्या घासातलं किती अंगी लागणार हेही काही प्रमाणात ठरतं.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जीवाणू असतात, असा हिशेब इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. शरीराच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. यांतले बहुतेक सगळे जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात. भात, साखर, तेल, मांस यांचं पचन लहान आतड्यातच जवळजवळ उरकतं. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं ते आपल्या पाचकरसांना न पचणारं: धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाजीतला चोथा, कच्च्या केळ्यातला न पचणारा स्टार्च. जीवाणू हे आंबवतात आणि त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. पेशी नीट पोसल्या गेल्या की अस्तर घट्ट राहतं, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर राहतं, शरीराला विनाकारण दाह सोसावा लागत नाही.

आणि चोथा मिळालाच नाही तर? उंदरांवरच्या एका प्रयोगात २०१६ साली दिसलं, की तंतुमय अन्न बंद केल्यावर काही जीवाणू आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागले. तो थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरणं सोपं झालं. उंदरावरून थेट मुलावर उडी मारू नये, हे मला कळतं. पण मेळघाटातलं किंवा नंदुरबारमधलं एखादं वर्षाचं मूल वर्षातून कितीदा जुलाबानं आजारी पडतं, आणि दर वेळी बरं झाल्यावर मागच्या वजनापर्यंत येतानाच कसं दमून जातं, हे रोज पाहणाऱ्या डॉक्टरला हा प्रयोग विसरता येत नाही.

हे नातं जन्मापासूनचं आहे. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. दुधातल्या घन पदार्थांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचंच प्रमाण. त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियांसाठी असतात. हे जीवाणू त्यांवर वाढतात, आतड्यातली आम्लता वाढवतात आणि घातक जंतूंना पाय रोवू देत नाहीत. म्हणजे निसर्गानं आईच्या दुधातच बाळाच्या वाट्याबरोबर जीवाणूंचाही वाटा घातला आहे. चिकाचं दूध पिळून टाकून मध किंवा गुटी चाटवणारी घरं अजून आहेत. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या जेमतेम निम्म्या बाळांनाच जन्मानंतरच्या पहिल्या तासात आईचं दूध मिळालेलं दिसतं. प्रसूती दवाखान्यात होत असूनही असं घडतं, म्हणजे यात आमच्या व्यवसायाचीही जबाबदारी मोठी आहे.

मात्र मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते ढाक्याबद्दल.

ढाक्यात आयसीडीडीआर,बी नावाची संस्था आहे. ती १९६० साली कॉलऱ्याच्या संशोधनासाठी सुरू झाली. जुलाब झालेल्या मुलाला पाजायचं साखर-मिठाचं पाणी, आपलं ओआरएस, जगाला मिळालं त्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे. याच संस्थेतले डॉ. तहमीद अहमद आणि अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. जेफ्री गॉर्डन यांनी तिथल्या मीरपूर भागातल्या झोपडवस्तीतल्या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. आधी त्यांनी निरोगी मुलांच्या विष्ठेचे नमुने जन्मापासून दर महिन्याला तपासले. कोणते जीवाणू कधी येतात, कोणते मागे पडतात याचा क्रम निरोगी मुलांत इतका सारखा निघाला, की जीवाणूंवरून मुलाच्या वयाचा अंदाज बांधता येऊ लागला. मग कुपोषित मुलं तपासली. त्यांच्या आतड्यातली जीवाणूंची वस्ती त्यांच्या वयापेक्षा लहान निघाली. मूल दीड वर्षाचं, पण आतलं जग अजून त्याहून कितीतरी लहान बाळाचं.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातला पुढचा भाग आपल्या विभागानं मुद्दाम वाचावा असा आहे. तीव्र कुपोषित मुलांना उपचाराचा आहार दिला. काहींना शेंगदाण्याचं तयार पाकीट, काहींना तिथल्या पद्धतीची खिचडी आणि हलवा. मुलांची वजनं वाढली. जीवाणूंची वस्तीही काही काळ वयाला साजेशी झाल्यासारखी वाटली, पण आहार थांबल्यावर काही महिन्यांत ती पुन्हा मागे गेली. आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांतून आणि ग्राम बालविकास केंद्रांतून 'सुधारलं' म्हणून नाव कमी झालेलं मूल पावसाळ्यानंतर पुन्हा यादीत येतं. प्रत्येक मुलाच्या बाबतीत कारण हेच असेल असं मी म्हणणार नाही. पण हे कारण तपासून पाहायलाच हवं.

म्हणून त्यांनी प्रश्न फिरवला. मुलाला काय द्यावं हे विचारण्याआधी, मागे पडलेल्या जीवाणूंना काय दिलं तर ते वाढतील हे विचारलं. बांगलादेशात सहज मिळणारे पदार्थ प्राण्यांवर तपासून, मग मुलांवर पाहून जे मिश्रण ठरलं, त्यात चार मुख्य गोष्टी होत्या: हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ आणि कच्चं केळं. २०२१ साली चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मध्यम कुपोषित, १२ ते १८ महिने वयाची मुलं. एका गटाला हे मिश्रण, दुसऱ्याला जगभर वापरला जाणारा तयार पूरक आहार, दोन्ही तीन महिने, दिवसातून दोन वेळा. ११८ मुलांनी तो काळ पूर्ण केला. नव्या मिश्रणात उष्मांक कमी होते, तरीही त्या गटाची वजनवाढ सरस निघाली. रक्तातली हाडांच्या वाढीशी आणि मेंदूच्या विकासाशी निगडित प्रथिनंही सुधारली. पुढे २०२४ मध्ये त्याच मुलांच्या नमुन्यांचा खोलवर अभ्यास झाला. वजनवाढीशी सर्वांत जास्त जोडलेल्या जीवाणूंत प्रिव्होटेला कोप्री या जातीचे काही प्रकार निघाले. वनस्पतींतल्या गुंतागुंतीच्या शर्करा तोडण्यात हे जीवाणू वाकबगार.

प्रिव्होटेला आपल्याला परका नाही. भोपाळच्या आयसर संस्थेनं भोपाळ आणि केरळ इथल्या ११० निरोगी माणसांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात भारतीय आतड्यात प्रिव्होटेलाचं प्राबल्य दिसलं, आणि धान्य-डाळी-भाज्यांच्या जेवणाशी त्याचं नातंही. म्हणजे ज्या जीवाणूंना ढाक्यात जोपासावं लागलं, ते आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जेवणानं वाढवलेलेच आहेत. हे जेवण आपण मुलांच्या ताटातून काढत चाललो आहोत.

त्या चार पदार्थांकडे पुन्हा पाहावं, ही विनंती. हरभरा आपल्याकडे रब्बीत विदर्भ-मराठवाड्यात उदंड होतो. सोयाबीन तर तिथलं खरिपाचं मुख्य पीक. भुईमूग घरोघरी. केळी जळगावची, आणि रावेर-यावलच्या मळ्यांपासून नंदुरबारची कुपोषित मुलं फार लांब नाहीत. कच्च्या केळ्याचा जुलाबावरचा उपयोग याच ढाक्याच्या संस्थेनं २००१ साली दीर्घकाळ जुलाब झालेल्या मुलांत दाखवला होता. आपल्याकडच्या आज्या पोट बिघडल्यावर कच्च्या केळ्याची भाजी करायला सांगतात. आता त्या सांगण्याला रुग्णालयातल्या चाचणीचाही आधार आहे.

आता आपल्या ताटाबद्दल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम पॉलिश केलेल्या तांदळात तंतुमय भाग ३ ग्रॅमच्याही आत आहे. ज्वारी, बाजरी, नाचणीत तो १० ते ११ ग्रॅमच्या आसपास, आणि सबंध हरभऱ्यात त्याच्या दुपटीहून अधिक. पालघरच्या डोंगरात नाचणी आणि वरी होती, मेळघाटात कोरकू आदिवासींची कोदो आणि कुटकी, खानदेशात ज्वारीची कळण्याची भाकरी, घाटावर हुलगा आणि मटकी. रानभाज्यांची तर गणतीच नाही. रेशनवर स्वस्त तांदूळ-गहू आला, त्यानं उपाशी पोटं भरली, आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच हवी. पण त्याचबरोबर ताटातलं वैविध्य आटत गेलं. अंगणवाडीतही मुख्य भर भातावर आणि खिचडीवर राहिला. घरपोच आहार पाकिटातून आला तेव्हा त्यात बारीक दळलेलं पीठ आणि साखर जास्त असणारं गोड मिश्रण असायचं. आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या आईच्या पिशवीत पाच रुपयांचं वेफर्सचं नाहीतर बिस्किटाचं पाकीट असतं. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला तिच्याजवळ दुसरं काही नसतं, म्हणून मी तिला रागावत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला मातृपोषण अभ्यास आपल्याला माहीत असेल. २००१ साली त्यातला जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी होती तितकी झाली नाही. गरोदर बाईनं एकूण किती उष्मांक आणि प्रथिनं घेतली याच्याशी बाळाच्या जन्माच्या आकाराचा खास संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. त्या अभ्यासात जीवाणू मोजलेले नव्हते, त्यामुळे श्रेय मी जीवाणूंना देणार नाही. लोह, फोलेट, इतर जीवनसत्त्वं ही कारणं असतीलच. पण उष्मांक भरले म्हणजे पोषण झालं, हे समीकरण अपुरं आहे हे महाराष्ट्राच्या मातीतूनच कळून पाव शतक होत आलं.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. लहान मुलाचं पोट लहान असतं. त्याला कोंड्याची पोळी आणि ढीगभर भाजी वाढली तर पोट भरेल आणि उष्मांक मात्र कमी पडतील. तंतुमय अन्नासोबत तेल, तूप, शेंगदाणे, अंडं असं दाट काही हवंच. कडधान्यं भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून द्यावीत. त्यामुळे ती पचायला हलकी होतात आणि त्यांतलं लोह-जस्तही जास्त मिळतं. शेंगदाणा अख्खा कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट किंवा पीठच द्यावं. आणि नाचणीचं सत्व करताना भिजवून वाटलेली नाचणी फडक्यातून गाळली की चोथा फडक्यातच राहतो. सहा महिन्यांच्या बाळाला उष्टावणानंतर ते चालेल. पण वर्षाच्या पुढच्या मुलाला मोड आणलेल्या नाचणीचं सबंध पीठच द्यायला हवं. आंबील, ताक, आंबवलेल्या पिठाचे घावन हे सगळं मुलाच्या सवयीचं व्हावं. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये ३६ प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे वाढवल्यावर आतड्यातल्या जीवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातली दाहाची काही लक्षणं कमी झाली. केवळ तंतुमय अन्न वाढवलेल्या गटात तेवढ्या अवधीत वैविध्य वाढलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांच्या आतड्यातून काही जीवाणू कायमचे नाहीसे झालेत, त्यांना नुसतं खाद्य पुरवून काम होत नसावं, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणूनच जे जीवाणू अजून शिल्लक आहेत ते टिकवण्याची घाई आहे.

ते नाहीसे होतात कसे? यात अन्नाच्या कमतरतेइतकाच आमच्या औषधांचा हात आहे. मुलाला जुलाब लागले की आई-वडील आधी औषधाच्या दुकानात जातात आणि अँटिबायोटिकची बाटली घेऊन येतात. मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. उपयोग ओआरएसचा आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळीचा. अनेक अँटिबायोटिक्स 'एच-वन' या अनुसूचीत टाकून चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे, पण तालुक्याच्या बाजारात त्याची सावलीही दिसत नाही. डेन्मार्कमध्ये बारा निरोगी तरुणांना फक्त चार दिवस तीन जबर अँटिबायोटिक्स देऊन सहा महिने पाहिलं गेलं. बहुतेक जीवाणू दीड महिन्यात परतले, पण आधी सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही सापडल्या नाहीत. सुदृढ तरुणाची ही गत, तर ज्याची वस्ती अजून बसतेच आहे अशा वर्षाच्या मुलाचं काय होत असेल?

यातही टोकाला जाऊ नये. मलावीत २,७६७ तीव्र कुपोषित मुलांवर झालेल्या चाचणीत अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांत मृत्यू कमी झाले. तीव्र कुपोषित मुलाला डॉक्टरनं दिलेलं अमॉक्सिसिलीन कुणी थांबवू नये. माझी तक्रार दुकानातून आलेल्या, साध्या जुलाबावरच्या आणि अर्धवट टाकून दिलेल्या बाटलीबद्दल आहे.

आणि पाणी. मूल जिथे रांगतं तिथेच कोंबड्या फिरतात, त्याच अंगणात सांडपाणी वाहतं, पिण्याचं पाणी उघड्या हंड्यातून ओंजळीनं काढलं जातं. त्यातून जंतू रोज पोटात जात राहिले की जुलाब न होताही लहान आतड्यातले अन्न शोषणारे अंकुर झिजून चपटे होतात. मग ताटात काहीही वाढा, त्यातलं काही वाया जातं. अंगणवाडीत हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी नसेल तर वर लिहिलेल्या सगळ्या आहाराचा उपयोग कमी होईल. हे पाणीपुरवठा विभागाचं काम म्हणून टाळू नये, ही हात जोडून विनंती.

या विषयाची चर्चा वाढू लागली की आपल्या दारात विक्रेतेही येतील. जीवाणूंची पेयं, पावडरी, गोळ्या. कृपया त्यांना घाईनं दार उघडू नये. बाटलीवर जीवाणूचं नाव असणं आणि तो जीवाणू मुलाच्या आतड्यात रुजणं यांत मोठं अंतर आहे. ज्या ठिकाणी फायदा नीट सिद्ध झाला, ते उदाहरण ओडिशाचं. तिथल्या खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवरच्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक ठरावीक प्रकार, त्याला लागणाऱ्या शर्करेसह, फक्त सात दिवस दिला गेला. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नेमका प्रकार, नेमकं वय, नेमकी मात्रा आणि काटेकोर चाचणी, एवढं सगळं जुळून आलं म्हणून तो निष्कर्ष विश्वासाचा आहे.

म्हणूनच माझी मुख्य मागणी आहे ती महाराष्ट्रात अशी चाचणी व्हावी ही. ढाक्याची चाचणी लहान होती, तिच्या २०२१ च्या निष्कर्षात आहार थांबल्यानंतरचा एकच महिना धरलेला होता, आणि मीरपूरच्या झोपडपट्टीतलं मूल म्हणजे मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्यातलं मूल नव्हे. त्यांचं मिश्रण जसंच्या तसं उचलू नये. आपल्या मुलांच्या पोटात कोणते जीवाणू आहेत, कोणते मागे पडले आहेत, आणि हरभरा-शेंगदाणा-केळ्यासोबत कुटकी, नाचणी किंवा हुलगा घातला तर काय होतं, हे इथेच पाहावं लागेल. त्यासाठी लागणारं सगळं राज्यात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जीवाणूंवर अनेक वर्षं काम उभं केलं आहे. खेड्यात राहून काटेकोर संशोधन कसं करावं हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दाखवून दिलं आहे. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत १९९९ मध्ये जगासमोर आली आणि आज देशभरच्या आशा कार्यकर्त्या तिच्यावर आधारलेलं काम करतात. नंदुरबार, मेळघाट आणि पालघर इथे तीन वर्षांची एक नीट आखलेली चाचणी उभी करणं या राज्याला जड नाही. त्यात मुलांना आहार संपल्यावर निदान वर्षभर पाहावं, म्हणजे सुधारलेलं मूल परत का घसरतं हे कळेल.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. जे निर्धोक आहे, आपल्या जेवणातलंच आहे, ते आजही करता येईल. २०१७ साली मुलामागे दिवसाला ८ रुपये असा दर ठरला. त्यात डाळ, तेल, इंधन बसवता बसवता सेविकेचा जीव मेटाकुटीला येतो. हा दर वाढवण्यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा, आणि तोवर राज्यानं आपली भर घालावी. अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, ही या राज्यानं केलेली चांगली गोष्ट. तिच्या जोडीला आठवड्यातून काही दिवस मोड आलेल्या हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट आणि जिल्ह्यात पिकणारं भरडधान्य पाककृतीत सक्तीचं करावं. जिल्ह्यात पिकणारं असं मुद्दाम म्हणते. मुंबईहून आलेल्या एकाच पाककृतीनं कोदो आणि नाचणी दोन्ही मरतील. सेविकांच्या प्रशिक्षणात उष्मांकांच्या तक्त्याशेजारी एक पान आतड्यातल्या जीवाणूंवर असावं. त्यांना ते चटकन कळतं. मी आयांशी बोलते तेव्हा 'पोटातल्या चांगल्या जंतूंना पण खायला लागतं' एवढं वाक्य पुरतं, आणि पुढच्या वेळी त्या स्वतःहून सांगतात की आता उसळ देतो.

घरपोच आहाराची पुढची निविदा निघेल तेव्हा तिच्या तांत्रिक अटींत तीन ओळी वाढवाव्यात: शंभर ग्रॅममागे तंतुमय भागाची किमान मर्यादा, वरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा, आणि धान्याखेरीज किमान दोन कडधान्यं किंवा तेलबिया. मर्यादा किती असावी हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेला विचारून ठरवता येईल. तिथल्या तज्ज्ञांनी मोठ्यांसाठी दर २,००० किलोकॅलरीमागे ३० ग्रॅम असा आकडा दिलेला आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठीचं माप ते नक्की काढून देतील. मसुदा तयार झाला की तो जिल्ह्यांतल्या बालरोगतज्ज्ञांना आणि अंगणवाडी सेविकांच्या संघटनांना वाचायला द्यावा. वाचून, शेरे लिहून आठवड्याभरात परत पाठवण्याची जबाबदारी आमची.

आपली विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ